रंकाळ्याच्या फेऱ्या पुरत नाहीत: साठी ओलांडलेल्या बायकांनी वजन उचलण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका सुनेने विचारलंय: सासूबाई ६८ वर्षांच्या, वजन ५२ किलो. साखर आहे, पण गोळ्यांवर आटोक्यात. रोज सकाळी न चुकता रंकाळा तलावावर चालायला जातात. तरी गेल्या वर्षभरात जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, केएमटी बसची पायरी चढताना कुणीतरी दंडाला धरून वर घ्यावं लागतं. डॉक्टरांनी स्नायू झिजल्याचं सांगितलं, हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत मणक्याचा टी-स्कोअर उणे २.६ आला. जिममधला ट्रेनर म्हणाला, या वयात वजनं नकोत, सायकल मारा. शेजारच्या काकू म्हणतात, बैठका काढल्या की गुडघे गेलेच. मग करायचं काय, आणि घरच्या घरी किती जमेल?

ताई, सरळ सांगते. सासूबाईंनी वजन उचलायला हवं, आणि ते हळूहळू इतकं वाढायला हवं की बघणाऱ्याला जरा धास्ती वाटावी. आठवड्यातून दोनदा, जमलं तर तीनदा. रंकाळ्याची फेरी बंद करू नका. हृदयाला, साखरेला ती चांगलीच, शिवाय मैत्रिणी भेटतात. पण तुम्ही जी तक्रार सांगताय ती चालण्याने सुटणारी नाही, चालणं दुप्पट केलं तरी नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, बरीच वर्षं कोल्हापुरातच काम करते. "डॉक्टर, खाली बसलो की उठायलाच येईना बघा" म्हणत येणाऱ्या बायकांमध्ये रोज चालणाऱ्या पुष्कळ असतात.

याचं कारण स्नायूंच्या आत आहे. ढोबळमानाने स्नायूत दोन जातीचे तंतू असतात. एक हळू काम करणारे आणि लवकर न थकणारे. सपाट रस्त्यावरचं चालणं त्यांच्या जिवावर होतं. दुसरे झटकन जोर लावणारे. खुर्चीतून उठताना, पायरी चढताना, उंबऱ्याला ठेच लागली की पडता पडता सावरताना हे दुसरे लागतात. वय वाढतं तसे हे जोरवाले तंतू जास्त बारीक होतात, आणि त्यांना हुकूम देणाऱ्या काही नसाही कमी होत जातात. रंकाळ्याच्या सपाट वाटेवर त्यांना कामच पडत नाही, म्हणून तिथे कितीही चाललं तरी ते झिजायचे थांबत नाहीत. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर त्याहून वेगाने. ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही लवकर उतरते. बायकांत पाळी गेल्यानंतर याला आणखी धक्का बसतो. या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. तो २०१६ पासून अमेरिकेतल्या रोगांच्या यादीत स्वतंत्र क्रमांक असलेला आजार आहे; 'वय झालं, चालायचंच' म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही.

वजनकाट्यावर विसंबू नका. स्नायू जातो, त्या जागी चरबी येते, काटा तिथेच राहतो. माझ्या अनुभवात आधी ब्लाउजच्या बाह्या सैल होतात आणि कंबर मात्र तशीच असते. घरच्यांना ते 'बारीक झाल्या' असं वाटतं, काही जणींचं तर कौतुकही होतं.

'पण त्या दिवसभर कामात असतात की' हे वाक्य मला रोज ऐकायला मिळतं. असतात, खरंच असतात. पण केर काढणं, कपडे वाळत घालणं, देवपूजा, भाजी निवडणं यात दमणूक होते. भार वाढत नाही. पूर्वी विहिरीवरून हंडे भरून आणणाऱ्या, जात्यावर दळणाऱ्या बायकांची गोष्ट वेगळी होती. आता मोटर चालू केली की टाकी भरते. ते कष्ट गेले हे बरंच झालं, फक्त त्यांच्याबरोबर जो भार आपोआप मिळत होता तो आता मुद्दाम द्यावा लागतो.

हे आपल्या गावाला तरी समजावून सांगावं लागू नये. शाहू महाराजांनी खासबागचं मैदान बांधून घेतलं, गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी इथे आहेत. पैलवान कसा तयार होतो हे पेठेतल्या पोरालाही ठाऊक असतं: बैठका हळूहळू वाढवायच्या, खुराक चुकवायचा नाही, अंग विश्रांती मागेल तेव्हा द्यायची. म्हातारपणच्या स्नायूला हीच तीन सूत्रं लागतात, चौथं काही नाही. फक्त आपल्याकडे तो खुराक रांधणाऱ्या बाईला यातलं काही मिळालं नाही. आता जिममध्ये गेली तर तिच्या हातात अर्ध्या किलोचं गुलाबी डंबेल देतात. सासूबाई बाजारातून येताना एका हातात तीन किलोची भाजी आणत असतील; अर्ध्या किलोने त्यांच्या दंडाला काय कळणार?

'या वयात' हा शब्द ज्यांनी ठळकपणे खोटा ठरवला त्यांचं काम १९९० सालचं आहे. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमध्ये एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीचा व्यायाम दिला, तोही त्यांना जेमतेम पेलेल अशा जड वजनाने. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि स्नायूचा आकारही ९ टक्क्यांनी. १९९४ मध्ये त्याच गटाने १०० वृद्धांवर मोठा प्रयोग केला. त्यात काहींना नुसतं पोषक पेय दिलं, व्यायाम नाही. त्यांना काही फरक पडला नाही. औषधाच्या दुकानातून पावडरचा डबा आणला आणि कर्तव्य झालं असं मानणाऱ्या मुलांना मी हा प्रयोग नेहमी सांगते.

हाडं ठिसूळ झाली आहेत म्हणून वजन नको, ही भीती मला समजते. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, म्हणजे सासूबाई त्या रेषेच्या जरा खाली आहेत. याच प्रश्नावर ऑस्ट्रेलियात एक अभ्यास झाला, २०१८ साली छापून आला. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ बायका, सरासरी वय ६५. अर्ध्या बायकांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, आठ महिने जड वजनं उचलली: जमिनीवरून वजन उचलणं, खांद्यावर वजन घेऊन बैठक, डोक्यावर वजन ढकलणं, आणि बारला लटकून खाली उडी. उरलेल्यांनी घरी हलका व्यायाम केला. वजन उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्याची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. हलकं करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. मात्र ते सगळं प्रशिक्षित माणसाच्या नजरेखाली झालं होतं, आणि सुरुवात हलक्यापासूनच होती. म्हणून पहिले काही आठवडे तरी कुणा फिजिओथेरपिस्टकडून हालचाली शिकून घ्या. हाडांच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी वेगळं बोला. व्यायाम हा औषधाला पर्याय नाही, आणि औषध व्यायामाला नाही.

सुरू करण्याआधी काही गोष्टी तपासून घ्यायच्या. रक्तदाब १८० बाय ११० च्या वर असेल तर आधी तो उतरवा. छातीत दुखणं, चालताना धाप, चक्कर, यांचा उलगडा डॉक्टरांकडून झाल्याशिवाय वजन हातात घ्यायचं नाही. साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झाला आहे का ते पाहून घ्या. तिथल्या रक्तवाहिन्या नाजूक असतील तर जोर लावून कुंथण्याने रक्तस्राव होऊ शकतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर वजन कधी उचलायचं ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी व्यायाम नको, आणि जवळ साखर ठेवा. उंची कमी झाली असेल किंवा पाठीत अचानक कळ येऊन गेली असेल तर मणका आधीच दबलेला असू शकतो, त्याचा एक्स-रे काढा. वजन आपोआप घटत असेल तर तो वेगळाच विषय आहे, आधी त्याचा छडा लावा. थायरॉइड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व एकदा पाहून घ्या. डी कमी असेल तर भरून काढावं, पण त्या गोळीने स्नायू येतील अशी आशा नको.

आणखी एक गोष्ट, जी बायका बोलत नाहीत. खोकलं, शिंकलं, वजन उचललं की लघवीचा थेंब सुटणं, किंवा अंग खाली येतंय असं वाटणं. सासूबाईंना तुम्हीच विचारा, मुलाने विचारून त्या सांगणार नाहीत. असं असलं तरी व्यायाम बंद नसतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायला शिकवावं लागतं, उचलताना श्वास सोडायचा असतो, वजन थोडं हलकं घेऊन पुढे जायचं असतं. या लाजेपायी व्यायाम अर्धवट सोडणाऱ्या बायका मी गुडघ्यांपायी सोडणाऱ्यांपेक्षा जास्त पाहिल्या आहेत.

आता आज घरी एक चाचणी करा. हात नसलेली, साधारण गुडघ्याएवढी उंच, पक्की खुर्ची भिंतीला टेकवा. हाताची घडी छातीवर. पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायचं, जमेल तितक्या वेगाने. तुम्ही समोर उभ्या राहा आणि मोबाईलवर वेळ लावा. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांप्रमाणे १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पायांची क्षमता कमी धरतात. हात न वापरता एकदाही उठता आलं नाही, तर उत्तर मिळालंच. सोबत शिवणाच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड घेर मोजा. बायकांत ३३ सेंटिमीटरच्या खाली गेला तर स्नायू कमी झाल्याची शंका घेतात. पाय सुजलेले असतील तर हे माप फसवं असतं. हाताच्या पकडीचं यंत्र आमच्याकडे असतं. बायकांना १८ किलोच्या खाली पकड ही कमजोर. यंत्र नसलं तरी बरणीचं झाकण कोण उघडतं हे तुम्हाला माहीत असेलच. हे आकडे तारखेसह कॅलेंडरवर लिहा, दर सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा.

व्यायामातला राजा म्हणजे उठ-बस. शेजारच्या काकूंच्या बैठका आणि या बैठका एक नव्हेत. तालमीतला पैलवान चवड्यांवर, पार खाली, शेकड्याने, वेगात काढतो. सासूबाई खुर्चीवरून उठणार आहेत, टाचा जमिनीला, आठ ते बारा वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, असे दोन-तीन सेट. हाताशिवाय जमत नसेल तर खुर्चीवर दोन उशा ठेवून बैठक उंच करा. जमलं की एक उशी काढा. मग दुसरी. मग कमी उंचीचं स्टूल. मग छातीशी दोन किलोची पिशवी, मग तीन, मग पाच. उठताना झपकन, बसताना तीन मोजत. बसताना धप्पकन पडणं ही सगळ्यांची खोड असते, पण उतरतानाचा सावकाशपणा हाच अर्धा व्यायाम आहे. आणि उठतानाचा झपाटा त्या जोरवाल्या तंतूंसाठी.

वजन किती, याचं उत्तर किलोमध्ये देता येत नाही. सेट संपताना 'अजून दोन जमतील, तिसरं नाही' असं वाटलं पाहिजे. बारा वेळा काढून त्या तुमच्याशी गप्पा मारत असतील तर वजन कमी आहे. सगळ्या सेटमध्ये बारा सहज झाले की पुढच्या वेळी थोडं वाढवायचं. पाण्याची बाटली यासाठी फार सोयीची, कारण एक लिटर म्हणजे एक किलो. नातवाचं जुनं दप्तर घ्या, त्यात बाटल्या भरत जा. पहिले दोन-तीन आठवडे मात्र मुद्दाम हलकं ठेवा. स्नायू लवकर तयार होतात, स्नायुबंध सावकाश.

दुसरी हालचाल म्हणजे खालून वस्तू उचलणं. इथे मी हटून बसते, कारण मणका ठिसूळ असलेली बाई पाठ गोल करून वाकली आणि त्याच वेळी वळली तर धोका तिथेच असतो. बादली उचलताना, गादी ओढताना हेच घडतं. वाकायचं खुब्यातून. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभं राहायचं, गुडघे थोडे सैल, आणि बूड मागे नेऊन भिंतीला टेकवायचं. पाठीवर झाडूची काठी धरा: डोक्याचा मागचा भाग, खांद्यांमधली पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली राहिली पाहिजे. हे काठी न सुटता दहा वेळा जमलं की मग वजन. आधी स्टुलावर ठेवलेली चार-पाच किलोची पिशवी, जमिनीवरून नाही. स्टुलावरून सुरुवात केलेल्या सत्तरीतल्या बायका पुढे २० किलो उचलताना मी पाहते. पहिल्यांदा स्वतःच थक्क होतात, नंतर "जमतंय की ओ, वाढवा अजून" म्हणून मागे लागतात. उचलताना तोंडाने फू करत श्वास सोडायचा. श्वास कोंडला की रक्तदाब चढतो.

बाकीचं थोडक्यात. ढकलण्यासाठी आधी भिंतीवर, मग स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून जोर. ओढण्यासाठी एक हात टेबलावर टेकून दुसऱ्या हाताने पिशवी बरगडीपर्यंत वर घेणं, किंवा खिडकीच्या गजाला बांधलेला रबरी बँड. पोटऱ्यांसाठी ओट्याला धरून टाचा उचलणं, आधी दोन्ही पायांवर, पुढे एका. जिन्याच्या पहिल्या पायरीवर कठडा धरून चढ-उतार. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन, ताठ मानेने, गॅलरीत चालणं. याने पकड येते. आणि ओट्याजवळ एका पायावर उभं राहणं, तोल सांभाळायला, हे तर रोज केलं तरी चालतं. सगळं मिळून ४० मिनिटं. व्यायामाच्या दोन दिवसांच्या मधे निदान एक दिवस मोकळा.

योगासनं आणि सूर्यनमस्कारांबद्दल लगेच विचारलं जातं. आवडत असतील तर करा, लवचीकपणा आणि तोल दोन्हीला चांगले. पण सूर्यनमस्काराचा भार तुमच्या अंगाएवढाच राहतो, वाढत नाही. आणि टी-स्कोअर उणे २.६ असताना पुढे खोल वाकण्याची आसनं, कमरेतून जोरात पीळ देणारी आसनं मी सासूबाईंना देणार नाही.

गुडघ्यांचं बोलू. गुडघ्याची झीज असलेल्यांना मांडीचा व्यायाम हाच पहिला उपाय म्हणून सांगितला जातो, कारण मांडी सांध्याचा भार वाटून घेते. व्यायाम करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शांत झालं, तर चालू ठेवायचं. त्याहून जास्त दुखलं, गुडघा सुजला, तर व्यायाम सोडायचा नाही. बैठक उंच करायची किंवा वजन कमी. सुरुवातीला मांड्यांमध्ये दुसऱ्या दिवशी ठणका येईल, जिना उतरताना जास्त जाणवेल. तो दोन-तीन दिवसांत जातो. त्या दिवसांत घरातल्या कुणीतरी 'बघ, सांगत होतो ना' म्हणणारच. त्यांना आधीच गप्प बसवून ठेवा.

खुराकाशिवाय हे सगळं अर्धं आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे साध्या प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वय वाढलं की तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू कमी बनतो, म्हणून वृद्धांसाठी तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. ५२ किलोला वरच्या हिशोबाने ६२ ग्रॅम. आता त्यांच्या ताटाकडे पाहा: सकाळी चहा-खारी, दुपारी दोन भाकऱ्या, भाजी, पातळ आमटी, चार घास भात, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री एक भाकरी आणि उरलेलं. मी असं ताट अनेकदा मोजून पाहिलंय, ते ३५ ग्रॅमच्या आसपास अडकतं. सकाळ तर प्रथिनांशिवायच जाते.

भर घालणं अवघड नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम, म्हशीच्या पाव लिटर दुधात साधारण ९, मूठभर शेंगदाण्यांत ७, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९, ३० ग्रॅम सुक्या सोया वड्यांत १५. मोड आलेल्या मटकीची उसळ वाटीभर, दुपारी न चुकता. आमटी घट्ट करा. दूध कट्ट्यावर समोर पिळलेल्या धारोष्ण दुधाची मजा मलाही ठाऊक आहे, पण या वयात उकळूनच द्या. रविवारच्या मटणाचं सांगायचं तर तांबडा-पांढरा रस्सा कितीही ओरपला तरी प्रथिनं मुख्यतः फोडींत असतात, आणि कोल्हापूरच्या घरांत फोडी कुणाच्या ताटात जातात आणि रस्सा कुणाच्या, हे मी सांगायला नको. दात नसतील, कवळी सैल असेल तर खिमा, अंडाभुर्जी, कुस्करलेली उसळ. खाणं कमी झालेल्या कितीतरी बायकांचा खरा प्रश्न दातांचा निघतो. उपवासाला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्या दिवशी दूध, दही, दाण्याची आमटी, राजगिरा यांवर भर द्या, आणि आठवड्यात दोन-तीन उपवास असतील तर एकावर आणता येतो का ते देवाशी नव्हे, सासूबाईंशी बोलून ठरवा. प्रथिनांची पावडर चालते, पण ताट सुधारलं तर लागत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी क्रिएटिनिनची रक्ततपासणी दाखवून डॉक्टरांना विचारलंच पाहिजे, आणि साखर असलेल्यांनी ते तसंही दरवर्षी तपासावं.

जिममध्ये पाठवायचं असेल तर ट्रेनर बदला. 'वजन नको' म्हणणारा आणि पहिल्याच दिवशी पाठ न बघता बारबेल देणारा, दोघेही सारखेच निरुपयोगी. नवा माणूस टी-स्कोअर विचारतो का, वाकण्याची पद्धत शिकवतो का, आणि प्रत्येक वेळी किती वजन, किती वेळा, हे वहीत लिहितो का, एवढं बघा. वही नसेल तर भार वाढतोय की नाही हे कुणालाच कळत नाही.

फरक कधी दिसेल? पहिल्या महिना-दीड महिन्यात ताकद वाढते ती बरीचशी नसांमुळे; स्नायू तेवढेच असतात, पण मेंदू त्यांना जास्त नीट कामाला लावतो. उठणं सोपं होतं. प्रत्यक्ष स्नायू भरायला तीन महिने आणि पुढे. म्हणून सुरुवातीला टेपने मापं घेऊन निराश होऊ नका, सेकंद मोजा.

शेवटची गोष्ट आजारपणाची. निरोगी वृद्धांना नुसतं दहा दिवस अंथरुणात ठेवलं तर दोन्ही पायांचा मिळून जवळजवळ एक किलो स्नायू जातो, असं २००७ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. पावसाळ्यात डेंग्यू-चिकुनगुन्या झाला, ऑपरेशन झालं, की आपल्याकडे प्रेमाने 'पडून राहा' म्हणतात. ताप असेपर्यंत ठीक. उतरला की डॉक्टरांना विचारून निदान पलंगाच्या कडेवर बसणं-उठणं सुरू करा, दिवसातून चार-पाच वेळा, आणि खाण्यात अंडी, दूध, मुगाचं कढण असू द्या. नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवू नका. नेहमीचा व्यायाम पुन्हा सुरू करताना वहीतल्या आकड्याच्या निम्म्या वजनाने करा आणि दर खेपेला थोडं थोडं चढवा. गेलेलं परत यायला पडून काढलेल्या दिवसांपेक्षा जास्त दिवस लागतात. हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात त्या 'सगळं गेलं' म्हणून पिशवी कोपऱ्यात ठेवतील.